स्पीकरच्या व्हेनीअर पेट्या : बेळगाव-खानापूरच्या हवेत त्यांची निगा कशी राखायची

आपल्या भागात लाकूड म्हटलं की सागवान. खानापूरकडचं, दांडेलीच्या रानातलं. देव्हारा सागवानी, पलंग सागवानी, दाराची चौकट सागवानी. त्याला वर्षाकाठी तेलाचा हात द्यायचा, ओल्या फडक्याने खसाखसा पुसायचं, डाग हटला नाही तर पॉलिश पेपर मारायचा आणि अगदीच खराब झालं तर रंधा. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय आणि सागवानाचं त्याने काही बिघडलं नाही.

पण हीच पद्धत स्पीकरच्या पेटीला लावली तर पेटी कामातून जाते. बाहेरून सागवानी दिसणारी ती पेटी आतून बहुतेक वेळा एमडीएफची (लाकडाचे बारीक तंतू डिंकात दाबून केलेली फळी) नाहीतर चिपबोर्डची (लाकडाच्या चुऱ्याची फळी) असते आणि वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पापुद्रा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. हाच व्हेनीअर. आत सागवान नाही म्हणजे कंपनीने फसवलं असं मुळीच नाही. एमडीएफ जड आणि एकजीव असतं, त्यात रेषा नसतात. त्यामुळे ते ऋतूप्रमाणे वाकत-पिळत नाही आणि आवाजाबरोबर स्वतः कमी थरथरतं. स्पीकरला हेच हवं असतं. पण त्याला पाण्याचं वावडं आहे, आणि वरच्या पापुद्र्यावर रंधा सोडाच, पॉलिश पेपरचे चार जास्तीचे हातही चालत नाहीत.

घरात नवीन जोडी आली असेल, किंवा वडिलांच्या वेळची जुनी जोडी माळ्यावरून खाली काढली असेल, तर फडकं हातात घेण्याआधी दोन गोष्टी ओळखून घ्या : पेटी कशाची आहे, आणि तिच्यावरचा थर कुठला आहे. बहुतेक पेट्या धुळीने खराब होत नाहीत, हे न ओळखता केलेल्या सफाईने होतात.

पेटी कशाची आहे?

स्पीकर खिडकीपाशी उजेडात घ्या आणि कोपरे बघा. वरची फळी आणि बाजूची फळी जिथे मिळते तिथे बारीक सांध्याची रेघ दिसली आणि रेषांची नक्षी त्या रेघेपाशी बदलली, तर बहुधा व्हेनीअर आहे. नक्षी कोपऱ्यावरून सांध्याशिवाय गुंडाळल्यासारखी पलीकडे गेली असेल आणि जोड फक्त मागे किंवा तळाला असेल, तर ती छापील प्लास्टिक फिल्म. दुसरी खूण म्हणजे दोन्ही स्पीकर शेजारी ठेवून बघणे. डाव्या पेटीवरची गाठ उजव्या पेटीवर जशीच्या तशी, त्याच जागी दिसली तर ते छापकाम समजा. खऱ्या लाकडाचे दोन पापुद्रे सारखे दिसले तरी तंतोतंत एक कधीच नसतात. तिसरी खूण सनमायकाची : हाताला गार आणि कडक लागतं आणि कडेला काळसर-तपकिरी रेघ दिसते.

फिल्म किंवा सनमायका असेल तर काम सोपं. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकलेलं पाणी, घट्ट पिळलेलं फडकं, मग कोरडं फडकं. तेल, मेण, पॉलिश काही लावू नका. ते आत जिरत नाही, वर चिकट बसून धूळ धरतं. खालचं बाकीचं सगळं व्हेनीअरवाल्यांसाठी आहे.

वरचा थर कुठला?

व्हेनीअरवर काहीतरी संरक्षण दिलेलं असतं. ढोबळमानाने दोन प्रकार. एक, लाकडात जिरणारं : तेल किंवा मेण. दोन, लाकडावर पापुद्रा धरणारं : लाखेचं स्पिरिट पॉलिश, लॅकर, मेलामाईन, पीयू (पॉलियुरेथेन). पहिल्या प्रकारात बोट फिरवलं की लाकडाची छिद्रं जाणवतात आणि चमक मंद असते. दुसऱ्यात बोट काचेसारखं सरकतं, निदान बारीक आवरण असल्याचं कळतं.

खात्री करायची असेल तर पेटी उलटी करून तळाला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, काडीच्या टोकाने टर्पेंटाईनचा एक थेंब ठेवा. थेंब जिरून लाकूड गडद झालं तर तेलाचा किंवा मेणाचा प्रकार. थेंब वरच राहिला तर आवरण आहे. मग कापसाच्या काडीला पॉलिशचं स्पिरिट लावून दुसऱ्या जागी हलकेच टेकवा. जागा चिकट झाली, काडीवर पिवळसर रंग आला, म्हणजे लाखेचं पॉलिश. काही झालं नाही तर तिसऱ्या जागी थिनर टेकवून बघा. पृष्ठभाग मऊ पडला तर लॅकर. त्यालाही दाद दिली नाही तर मेलामाईन किंवा पीयू. ठिपका दोन-तीन मिलिमीटरपेक्षा मोठा नको आणि लगेच पुसून टाका. खिडकी उघडी ठेवा, जवळ देवघरातला दिवा किंवा गॅस पेटलेला नको.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं. म्हणजे हाताला लावायचं सॅनिटायझर जुन्या पेटीवर सांडलं तरी तिथे कायमचा पांढुरका डाग बसू शकतो. काच पुसायच्या ज्या द्रवात अमोनिया असतो तोही लाखेला चालत नाही. उलट पीयू असलेल्या पेटीवर जवसाचं तेल चोळलं तर ते जिरायला जागाच नसते. आठवड्याने तिथे चिकट, धूळ धरलेला थर तयार. एकाला जे औषध ते दुसऱ्याला विष.

नव्या स्पीकरांवर बहुधा लॅकर किंवा पीयू असतं. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंच्या आणि त्या काळच्या पेट्यांवर लाख किंवा लॅकर सापडतं. तेल दिलेली सागाची किंवा अक्रोडाची पेटी कमी भेटते. तुमच्याकडे ती असेल तर तिची निगा राखणं सगळ्यात समाधानाचं आहे, कारण तिला घरच्या घरी पुन्हा जिवंत करता येतं.

फडकं आणि पाणी

जुनं सुती धोतर किंवा साडी हे सर्वांत उत्तम फडकं. वडगाव-शहापूरच्या मागावरची साडी असेल तर काठ-पदर कापून बाजूला ठेवा. जरीचा एक धागा चमकदार लॅकरवर केसासारखा ओरखडा ओढतो. अंगचं साधं सुती कापड तेवढं घ्या. नवीन कापड असेल तर खळ जाईपर्यंत दोनदा धुवा. मायक्रोफायबर कापडही चालेल, पण त्याने गाडी पुसलेली नको, धुतलं तरी त्यात वाळूचे कण राहतात.

एक मऊ केसांचा रंगाचा ब्रश, दोन इंची, कोरा. त्याच्या धातूच्या पट्टीवर कागदी टेप गुंडाळा म्हणजे ती पेटीवर आपटणार नाही.

पाण्याचं मात्र लक्ष द्या. अथणी, रायबाग, चिकोडीकडे बोअरचं पाणी जड असतं. त्या पाण्याने पुसलं की वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि काळपट रंगाच्या पेटीवर ते फार दिसतात. पिण्याचं फिल्टरचं पाणी वाटीभर घेतलं तरी काम होतं, तेवढंच लागतं.

नेहमीची सफाई, क्रमाने

अँप्लिफायर बंद करा. जाळीचं कव्हर, म्हणजे ग्रिल, अजून काढू नका. ते आतल्या ड्रायव्हरचं, म्हणजे आवाज काढणाऱ्या गोल भागाचं, रक्षण करतंय.

आधी कोरडा ब्रश. वरच्या फळीपासून सुरुवात करून खाली, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. इथे घाई नको. खानापूर-बेळगावकडची तांबडी धूळ बारीक पण खरखरीत असते. ती उडवून न देता ओल्या फडक्याने घासली तर ओरखडे पडणारच. साखर कारखान्याजवळ राहत असाल तर गाळप हंगामात बग्यासची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काळी राख घरात येते. ती ठिसूळ असते, बोटाने दाबली की तिथेच काजळ फासलं जातं. तिला फक्त ब्रशने हलकेच सरकवायचं, दाब अजिबात द्यायचा नाही.

मग कोरडं फडकं. बहुतेक आठवड्यांना एवढंच पुरेसं आहे आणि इथेच थांबावं.

बोटांचे ठसे, तेलकट डाग असतील तरच ओलं फडकं. एक लिटर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. फडकं बुडवून जोर लावून पिळा आणि गालाला लावून बघा. गार लागलं पाहिजे, पण गाल ओला होता कामा नये. गाल ओला झाला तर पुन्हा पिळा. एका वेळी एकच बाजू पुसा, लगेच साध्या पाण्यात पिळलेलं दुसरं फडकं, आणि त्यापाठोपाठ कोरडं. ओलं अंग आपोआप वाळेल म्हणून सोडून पुढच्या बाजूकडे वळू नका. कोपऱ्यांवर, सांध्यांवर आणि मागच्या वायरच्या खाचेपाशी ओलं फडकं नेऊच नका. पाणी आत शिरायच्या जागा त्याच. एमडीएफची कड एकदा फुगली की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही आणि वरचा पापुद्रा तिथून सुटायला लागतो.

कुठलाही द्रव थेट पेटीवर फवारायचा नाही. फवारायचाच असेल तर फडक्यावर, तोही स्पीकरपासून दूर उभं राहून. दुकानातल्या चकचकीत करणाऱ्या फर्निचर स्प्रेमध्ये अनेकदा सिलिकॉन असतं. दोन दिवस पेटी झकास दिसते, पण पुढे कधी नवीन पॉलिश करायचं ठरवलं तर ते त्या जागी धरत नाही, गोल गोल खळगे पडतात. पॉलिशचं काम करणारा कुठलाही जुना माणूस हे सांगेल.

आणि फरशी पुसताना! जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरांची तळाची कड आपल्याकडे सर्वांत आधी खराब होते, ती रोजच्या फिनेलच्या पोछ्याने. पेटी जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर तरी उंच हवी. कडप्प्याचा किंवा शहाबादी फरशीचा तुकडा खाली घातला तर उत्तम, मध्ये फेल्टचे गोल तुकडे चिकटवा. रबराचे बूच घालू नका. काही रबरांतलं रसायन लॅकरमध्ये उतरून कायमचा काळा ठसा राहतो. घरात कामाला येणाऱ्या मावशींना हे शांतपणे एकदा दाखवून द्या. नुसतं सांगून भागत नाही, कारण त्यांना लाकूड स्वच्छ पुसणं हेच चांगलं काम वाटतं, आणि ते बरोबरही आहे.

ग्रिल आणि ड्रायव्हर

ग्रिल काढल्यावर तिच्या कापडाला मागून ब्रश मारा, धूळ निघते. खुंट्यांवर बसलेली ग्रिल चारही कोपऱ्यांना थोडी थोडी सैल करत काढा, एकाच बाजूने ओढली की खुंटी मोडते.

ड्रायव्हरला पाणी नाही, फडकं नाही. ड्रायव्हरच्या कागदी कोनवर, म्हणजे थरथरणाऱ्या शंकूवर, मऊ ब्रश हलकेच फिरवला तरी पुष्कळ. वरच्या छोट्या ट्वीटरच्या (बारीक, उंच आवाज काढणारा ड्रायव्हर) घुमटाला हात लावू नका. व्हॅक्युम क्लीनरचं तोंडही जवळ नेऊ नका, तो घुमट ओढला जातो. त्या नाजूक घुमटाचा पोचा बाहेर काढणं घरी जमत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं : स्टील वूल, म्हणजे लोखंडी तारांचा काथ्या, स्पीकरच्या आसपास वापरायचा नाही. सुतारकामात पॉलिश घोटायला तो सर्रास वापरतात. स्पीकरच्या पाठीला जबरदस्त चुंबक असतं. तारांची सुटलेली बारीक कुसं उडून थेट व्हॉइस कॉइलच्या (कोनला हलवणारं तारेचं वेटोळं) फटीत जाऊन बसतात आणि स्पीकर खरखरायला लागतो. ती परत निघत नाहीत.

तेल द्यायचं असेल तर

फक्त ज्या पेटीवर थेंब जिरला तिलाच. आणि स्वयंपाकघरातलं तेल नको. खोबरेल, शेंगतेल ही सुकणारी तेलं नव्हेत. ती लाकडात ओलीच राहतात, खवट होतात, धूळ धरतात. जवसाचं तेल हवेत सुकून पक्कं होतं म्हणून ते लाकडाला चालतं. पण चटणीसाठी घाण्यावरून आणलेलं कच्चं तेल सुकायला बरेच दिवस घेतं. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉईल्ड’ जवसाचं तेल मागा, किंवा लाकडासाठीचं तयार टीक ऑईल, डॅनिश ऑईल. जवसाचं असेल तर तेवढंच टर्पेंटाईन मिसळून पातळ करा.

हे काम दसऱ्यानंतर किंवा संक्रांत उलटल्यावर करायचं. पावसाळ्यात कधीही नाही. दमट हवेत तेल सुकत नाही आणि ते अर्धवट ओलं तेल बुरशीचं खाद्य होतं.

पेटी आदल्या दिवशी पुसून पूर्ण सुकवलेली असावी. ड्रायव्हरवर आणि पुढच्या पट्टीवर कागद झाकून कागदी टेपने चिकटवा. फडक्याच्या छोट्या पुरचुंडीला तेल लावून रेषांच्या दिशेने पातळ हात फिरवा. पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग कोरड्या फडक्याने सगळं पुसून घ्या. सगळं म्हणजे सगळं. आमच्याकडचे एक वयस्कर पॉलिशचे मिस्त्री या पायरीवर हात धरून सांगायचे, “पुसून घ्या ओ, नीट पुसून घ्या. लाकडाला पाहिजे तेवढं ते पितंय. वर राहिलंय ते लाकडाचं नव्हे.” चोवीस तासांनी बोट फिरवून बघा, कोरडं लागलं आणि लाकूड अजून तहानलेलं दिसलं तरच दुसरा हात.

आता इथे एक गंभीर सूचना. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं. घडी घातलेल्या फडक्यात ती साठत जाते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. असे अपघात खरोखर होतात. काम झालं की फडकी बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा आणि मगच टाका.

मेणाचा हात हवा असेल तर मधमाशीचं मेण एक भाग, टर्पेंटाईन तीन-चार भाग. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून मेण वितळवा, गॅस बंद करा, वाटी आगीपासून लांब न्या आणि मगच टर्पेंटाईन मिसळा. थंड झाल्यावर लोण्यासारखं होतं. अगदी पातळ लावा, अर्ध्या तासाने घोटा. लाखेवर आणि लॅकरवरही आवरण पूर्ण सुकलेलं असेल तर हे चालतं, पण आधी तळाला लावून बघा.

पावसाळा

बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर, आणि पश्चिमेला घाट. जांबोटी, कणकुंबीकडे जुलैत ढग अंगणात उतरतात. कौलारू घराच्या भिंती हाताला ओल्या लागतात, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. निपाणी-अथणीकडे तेवढं नाही, पण जून ते सप्टेंबर दमट हवा सगळीकडेच. लाकूड ही हवा शोषून रेषांना आडवं फुगतं आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात पुन्हा आकसतं. व्हेनीअरवर दर वर्षी हा ताण येतो. त्याला पूर्ण थांबवता येत नाही, कमी मात्र करता येतो.

दोन-चारशे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक स्पीकरच्या खोलीत ठेवा. आकडा ४० ते ६० टक्क्यांत असेल तर सगळं ठीक. तो ७० च्या वर दिवसेंदिवस राहिला तर बुरशीची वाट बघत बसू नका. पेट्या बाहेरच्या ओल्या भिंतीपासून निदान एक वीत पुढे ओढा, शक्य असेल तर आतल्या कोरड्या भिंतीकडे न्या. भिंतीपासून पुढे घेतल्याने खर्जाचा गोंगाटही कमी होतो, हा वरचा फायदा. सकाळी धुकं असताना खिडक्या बंद, दुपारी उघडीप मिळाली की उघडा, पंखा चालू ठेवा.

प्लास्टिकचं कव्हर घालू नका. काळजीपोटी बरेच जण पहिल्या पावसाला पेटीवर पिशवी चढवतात. आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही आणि गौरी-गणपतीला पिशवी काढली की आत पांढरी लव दिसते. झाकायचंच असेल तर जुनी सुती चादर. स्पीकर वापरात ठेवणं हा सर्वांत चांगला उपाय. रोज गाणी लागतात त्या खोलीत माणसांचा वावर असतो, हवा खेळती राहते आणि काही बिघडत असेल तर वेळेत दिसतं.

तरी बुरशी आलीच तर पेटी गॅलरीत किंवा पडवीत न्या, नाकाला कापड बांधा आणि कोरड्या ब्रशने झाडा. घरात झाडली तर तिचे कण सगळ्या घरात पसरतील. मग वर सांगितलेलं साबणाचं घट्ट पिळलेलं फडकं आणि लगेच कोरडं. तेलाच्या पेटीवर शेवटी टर्पेंटाईनचं फडकं हलकेच फिरवा. ब्लीचिंग पावडर नको, लाकडाचा रंग उडतो. उन्हात सुकवायचा मोहही आवरा. सावलीत, वाऱ्यावर, दोन दिवस.

मागच्या किंवा पुढच्या भोकात, म्हणजे पोर्टमध्ये, झुरळं आणि पाली घर करतात. बरेच दिवस बंद ठेवायचा असेल तर त्यात स्वच्छ सुती मोजा गुंडाळून बसवा, वाजवण्याआधी आठवणीने काढा. पेटीखाली पिठासारखा भुगा पडलेला दिसला तर भुंगा, आणि भिंतीवरून मातीची नळी वर चढलेली दिसली तर वाळवी. पेटी ताबडतोब भिंतीपासून तोडा आणि कीडनियंत्रणवाल्याला बोलवा. रॉकेल ओतायचं नाही. रॉकेलने ड्रायव्हरच्या कडेचं रबर फुगतं, आणि वास तर वर्षानुवर्षे जात नाही.

पाण्याच्या भांड्याचा पांढरा गोल डाग आवरणात अडकलेल्या ओलीचा असतो. आधी काहीच करू नका, कोरड्या दिवसांत तो पुष्कळदा आपोआप फिकट होतो. राहिला तर केस वाळवायचा ड्रायर मंद करून, हात भाजणार नाही एवढ्या अंतरावरून, हलवत ठेवा. काळा डाग मात्र पाणी लाकडापर्यंत पोचल्याची खूण. तो मिस्त्रीचं काम आहे.

सणावाराला

खंडेनवमीला स्पीकरलाही हळदकुंकू लागतं, आणि लागावंच. फक्त पेटीवर विड्याचं पान ठेवून त्यावर लावा, म्हणजे पूजाही होते आणि लाकूडही राहतं. तेलाच्या पेटीत हळद खोल उतरते, ती पुसून निघत नाही.

गुलाल पडला तर ओलं फडकं नेऊ नका, रंग सुटून रेषांत भरतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर, विसर्जनानंतर, खिडक्या उघड्या राहिलेल्या घरांत हे हमखास होतं. आधी फुंकर, मग कोरडा ब्रश, आणि ब्रश दर दोन हातांनी झटकायचा. पणत्या, समया पेटीच्या वर ठेवू नका. फुलदाणी आणि कुंडीही नको.

ऊन

पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी तीननंतर येणारं ऊन रोज एकाच पेटीवर पडलं तर वर्षभरात जोडी विजोड होते. अक्रोडाचं लाकूड उन्हाने फिकट होतं, चेरी गडद होतं, शिसवीचा गडदपणा उतरतो. एकदा बदललेला रंग जुळवणं फार अवघड. पडदा लावा, आणि जोडी एकसारखी असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी डाव्या-उजव्याची जागा बदला. ट्वीटर मध्यभागी नसून एका बाजूला असेल तर ती आरशासारखी जोडी आहे, तिची अदलाबदल करू नका. पेटीवरच्या वस्तूही अधूनमधून हलवा, नाहीतर त्यांच्या सावलीचा ठसा राहतो.

व्हेनीअर सुटलं तर

कड उचकटली असेल तर बोटाने खेळू नका. तुटलेला तुकडा हरवला की तसा दुसरा मिळत नाही, म्हणून तो सापडल्याबरोबर कागदात बांधून ठेवा. आतली धूळ बारीक ब्रशने काढा. फेव्हिकॉलसारखा लाकडाचा डिंक थोडा पातळ करून काडीने किंवा सुईच्या सिरिंजने आत सोडा. पापुद्रा दाबा, बाहेर आलेला डिंक ओलसर फडक्याने लगेच पुसा, वर प्लास्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी आणि वजन. बाजूच्या उभ्या भागावर असेल तर पेटी आडवी करा, ट्वीटर खाली दबणार नाही हे बघून. पूर्ण एक दिवस ठेवा, पावसाळ्यात दोन.

मधोमध फुगा आला असेल तर नव्या ब्लेडने रेषांच्या दिशेने एकच बारीक चीर द्या आणि तिच्यातून डिंक सोडा. रेषांना आडवी चीर कायम दिसते, उभी दिसत नाही. जुन्या रेडिओसारखी पेटी सरसाने चिकटवलेली असेल तर आधी नुसतं कापड ठेवून कोमट इस्त्री हलकेच टेकवून बघा, जुना सरस मऊ पडून पुन्हा धरतो. लाखेच्या आवरणावर मात्र इस्त्री नको, फोड येतात.

मिस्त्रीला बोलावण्याआधी

पूर्ण पॉलिश करायचं ठरलं तर मिस्त्रीला पहिलंच वाक्य हे सांगा : हे सागवान नाही, अर्ध्या मिलिमीटरचं व्हेनीअर आहे, मशीन लावायचं नाही, हाताने ३२० किंवा ४०० नंबरचा पेपर तेवढा. चांगला कारागीर लगेच समजतो आणि कडा किती नाजूक आहेत हे स्वतःच तुम्हाला दाखवतो. जो हसून “काय होत नाही” म्हणेल त्याच्याकडे जोडी देऊ नका.

काम सुरू होण्याआधी ड्रायव्हर काढून घेणं उत्तम. वायर कुठल्या रंगाची कुठल्या पट्टीला, हे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. स्क्रूड्रायव्हर चुंबकाकडे ओढला जाऊन कोनमधून आरपार जातो, म्हणून दुसरा हात नेहमी कोनच्या आडवा धरा. काढलेले ड्रायव्हर तोंड वर करून धूळ नसलेल्या खोलीत झाकून ठेवा. पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत परत बसवायची घाई नको, थिनरच्या वाफा रबराला मानवत नाहीत.

परत बसवताना स्क्रू आधी उलटा थोडा फिरवा, जुन्या आट्यात तो ‘टक्’ करून बसतो, मग पुढे पिळा. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, हातानेच. ड्रिल मशीनने पिळले की एमडीएफमधले आटे मरतात. ग्रिल लावल्यावर तानपुरा आणि तबल्याचा डग्गा स्पष्ट ऐकू येईल असं काहीतरी मध्यम आवाजात लावा. सुळेभावीच्या मातीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं एखादं ध्वनिमुद्रण घरात असतंच. डग्ग्याच्या घुमाऱ्याबरोबर कुठे झणझण ऐकू आली तर एखादा स्क्रू किंवा ग्रिलची खुंटी सैल आहे. हाताने एकेक दाबून बघा, झणझण थांबली ती जागा घट्ट करा.